शाळेची हद्द आणि घराची किंमत

सरकारी शाळेत फी घेतली जात नाही, प्रवेशपरीक्षा नसते आणि आईवडिलांची मिळकतही विचारली जात नाही. तरीही जगातील अनेक शहरांत काही नावाजलेल्या सरकारी शाळा साधारण उत्पन्नाच्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असतात, कारण तेथे प्रवेश मिळण्यासाठी ज्या वस्तीत राहावे लागते त्या वस्तीतील घर अशा कुटुंबाला परवडत नाही. कोणत्या पत्त्यावरील मुलांना कोणत्या शाळेत प्रवेशाचा हक्क किंवा अग्रक्रम मिळेल हे ठरवण्यासाठी शिक्षण प्रशासन नकाशावर जी हद्द आखते, तिच्या आतील भागाला शाळेचे प्रवेशक्षेत्र म्हणतात. ही कल्पना मुळात सोयीची आहे आणि न्यायाचीही आहे. लहान मुलाला पायी जाता येईल इतक्या अंतरावर शाळा असावी, पुढील वर्षी पहिलीत किती मुले येतील याचा अंदाज आधीच बांधता यावा आणि एका वस्तीतील डॉक्टरचे मूल व रिक्षाचालकाचे मूल एकाच बाकावर बसावे, हे तीन हेतू तिच्यामागे आहेत.

यांपैकी तिसरा हेतू सफल व्हायचा तर डॉक्टर आणि रिक्षाचालक मुळात एकाच वस्तीत राहत असावे लागतात. शाळाशाळांच्या दर्जात मोठी तफावत असेल आणि प्रवेश पत्त्यावर ठरत असेल, तर ज्यांना जमते ती कुटुंबे पत्ता बदलतात, चांगल्या शाळेच्या हद्दीतील घरांना मागणी वाढते, भाव चढतात, आणि जी फी शाळेत घेण्यास मनाई होती ती घराच्या व्यवहारात वसूल होते. ती फी शाळेच्या तिजोरीत जात नाही. हद्द आखली गेली तेव्हा योगायोगाने तिच्या आत असलेल्या घरमालकाच्या खिशात जाते.

हद्दीचे तीन प्रकार

प्रवेशक्षेत्र ठरवण्याच्या पद्धती ढोबळमानाने तीन आहेत आणि प्रत्येक पद्धतीत घराच्या बाजारावर होणारा परिणाम थोडा वेगळा असतो. पहिली पद्धत पक्क्या हद्दीची. अमेरिकेच्या बहुतेक भागांत प्रत्येक घर एका ठराविक शाळेच्या वाट्याला येते, त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूची मुले एका शाळेत आणि समोरच्या बाजूची मुले दुसऱ्या शाळेत जातात, असे सर्रास घडते. न्यूझीलंडने १९९१ मध्ये अशा हद्दी रद्द करून पालकांना मोकळीक दिली होती. परंतु लोकप्रिय शाळांकडे अर्जांची रीघ लागली, कोणाला घ्यायचे हे शाळाच ठरवू लागल्या आणि शाळेशेजारी राहणाऱ्या मुलालाही जागेची खात्री उरली नाही, म्हणून २००० च्या कायद्याने हद्दींना पुन्हा स्थान दिले. ऑकलंड शहरात ऑकलंड ग्रामर ही मुलांची आणि एप्सम गर्ल्स ग्रामर ही मुलींची, अशा दोन जुन्या सरकारी शाळांची क्षेत्रे ज्या भागात एकमेकांवर येतात तो भाग ‘डबल ग्रामर झोन’ म्हणून ओळखला जातो. मुलगा आणि मुलगी दोघांनाही एकाच घरातून हव्या त्या शाळेत पाठवता येत असल्याने घरविक्रीच्या जाहिरातीत तेथे खोल्यांच्या संख्येइतक्याच ठळकपणे या झोनचा उल्लेख होतो.

दुसरी पद्धत अंतराची. इंग्लंडमधील अनेक शाळांभोवती कायमची रेषा नसते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सरकारी देखभालीखाली असलेली मुले, आधीच शाळेत शिकणाऱ्या मुलांची भावंडे, असा क्रम लावून उरलेल्या जागा शाळेपासून घराच्या अंतरानुसार भरल्या जातात. शेवटची जागा ज्या मुलाला मिळाली त्याच्या घराचे अंतर त्या वर्षापुरती हद्द ठरते, आणि स्थानिक प्रशासन ते अंतर प्रसिद्ध करत असल्याने पालक मागील वर्षांचे आकडे समोर ठेवून घर शोधतात. लंडनमधील मागणी असलेल्या प्राथमिक शाळांच्या बाबतीत हे अंतर काही शे मीटरवर येऊन ठेपते. दाट वस्तीत एक नवी इमारत उभी राहिली आणि तिच्यात लहान मुलांची कुटुंबे आली की पुढच्या वर्षी हद्द आक्रसते, त्यामुळे काठावरचे घर घेणारे कुटुंब एका परीने जोखीमच विकत घेत असते. माध्यमिक शाळेसाठी ३१ ऑक्टोबर आणि प्राथमिक शाळेसाठी १५ जानेवारी ही अर्जाची अखेरची मुदत असल्याने घर बदलण्याचा निर्णयही या तारखांच्या आत उरकावा लागतो. भावंडांना अग्रक्रम असल्यामुळे पहिल्या मुलाच्या प्रवेशापुरते शाळेजवळ भाड्याने राहायचे आणि मग स्वस्त, ऐसपैस घराकडे निघून जायचे, ही युक्तीही तेथे इतकी रुळली की काही ठिकाणी दूर गेलेल्या कुटुंबाच्या धाकट्या मुलाचा अग्रक्रम काढून घेणारे नियम करावे लागले.

तिसऱ्या पद्धतीत शहराचे मोठे शैक्षणिक विभाग पाडून विभागाच्या आत सोडतीने शाळा दिली जाते. या पद्धतीत एका गल्लीचा किंवा एका इमारतीचा भाव चढत नाही, संपूर्ण विभागाचा चढतो. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण असलेल्या सोल शहराचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

शाळेचा वाटा मोजण्याची रीत

चांगल्या शाळेजवळची घरे महाग असतात एवढ्यावरून शाळेमुळे ती महाग झाली, असे सिद्ध होत नाही. त्याच भागात झाडी जास्त असेल, रस्ते रुंद असतील, रेल्वे स्थानक जवळ असेल किंवा घरेच मोठी असतील. शाळेचा वाटा या बाकीच्या गोष्टींपासून वेगळा काढण्याची एक साधी आणि प्रभावी युक्ती अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वापरली. बॉस्टनच्या उपनगरांत एकाच शैक्षणिक जिल्ह्यात येणारी, पण प्राथमिक शाळांच्या हद्दीच्या दोन बाजूंना अगदी लागून असलेली घरे त्यांनी निवडली. अशा घरांना नगरपालिका एकच, कराचा दर एकच, बाग आणि बाजारही एकच. फरक फक्त मूल कोणत्या शाळेत जाईल इतकाच. तरीही परीक्षेतील गुण ५ टक्क्यांनी जास्त असलेल्या शाळेच्या बाजूला पालक घरासाठी सुमारे २.५ टक्के जास्त किंमत मोजत असल्याचे दिसून आले. हद्दीची ही युक्ती न वापरता केलेल्या हिशेबात हा आकडा जवळपास दुप्पट निघत होता, म्हणजेच ज्याला शाळेची किंमत समजले जात होते त्यातील मोठा भाग वस्तीची किंमत होता.

पुढे २००७ मध्ये पॅट्रिक बायर, फर्नांडो फेरेरा आणि रॉबर्ट मॅकमिलन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसराचा अभ्यास करून या हिशेबात आणखी एक पदर उलगडला. हद्द आखली गेल्यानंतर काही वर्षांत तिच्या दोन बाजूंची माणसेही बदलतात, कारण जास्त शिकलेली आणि जास्त कमावणारी कुटुंबे चांगल्या शाळेच्या बाजूला गोळा होतात. शेजाऱ्यांमधला हा फरक विचारात घेतला तेव्हा शाळेच्या गुणांत ५ टक्के वाढ होण्यासाठी मोजली जाणारी किंमत १ टक्क्याहून कमी भरली. इंग्लंडमध्ये स्टीफन गिबन्स, स्टीफन मॅचिन आणि ओल्मो सिल्व्हा यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही शाळेच्या गुणवत्तेतील लक्षणीय फरकासाठी घराच्या किमतीत सुमारे ३ टक्क्यांचा फरक आढळला. वर्तमानपत्री चर्चेत सांगितल्या जाणाऱ्या मोठमोठ्या आकड्यांपेक्षा हे आकडे माफक आहेत, पण त्यांचा अर्थ गंभीर आहे: पालक केवळ शिक्षकांसाठी पैसे मोजत नाहीत, आपल्या मुलाच्या वर्गात कोण बसेल यासाठीही मोजतात. एकदा शेजार हाच शाळेचा गुण ठरला की श्रीमंत वस्तीतील शाळा आपोआप चांगली समजली जाते आणि गरीब वस्तीतील शाळेने कितीही मेहनत घेतली तरी तिच्याविषयीचे मत हटवणे अवघड होऊन बसते.

करातून फिरणारे चक्र

अमेरिकेत या प्रक्रियेला आणखी एक चाक जोडलेले आहे. तेथील शाळांच्या खर्चाचा मोठा हिस्सा स्थानिक शैक्षणिक जिल्हा गोळा करतो आणि त्यासाठी मुख्यतः घरपट्टीसारख्या मालमत्ता कराचा आधार घेतो. चार्ल्स टिबो या अर्थतज्ज्ञाने १९५६ मध्ये असे मांडले होते की, नागरिक आपल्याला हव्या त्या सेवा आणि परवडेल तो कर असलेल्या गावात राहायला जातात, म्हणजे पायांनीच मतदान करतात, आणि त्यामुळे गावोगावच्या सेवा लोकांच्या पसंतीशी जुळत जातात. या मांडणीत पाय उचलण्याची ऐपत सर्वांची सारखी आहे, असे गृहीत धरलेले होते.

प्रत्यक्षात काय होते हे टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ शहराने दाखवून दिले. तेथील एजवूड या गरीब, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या वस्तीच्या शैक्षणिक जिल्ह्यात १९६७-६८ मध्ये दर १०० डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर होता आणि त्यातून प्रत्येक विद्यार्थ्यामागे २६ डॉलर जमत होते. त्याच शहरातील अलामो हाइट्स या सधन जिल्ह्यात कराचा दर फक्त ०.८५ डॉलर असूनही विद्यार्थ्यामागे ३३३ डॉलर उभे राहत होते. गरीब पालक जास्त दराने कर भरून कमी पैसा जमवत होते, कारण ज्यावर कर लावायचा ती घरेच स्वस्त होती. एजवूडच्या पालकांनी दाद मागितली, परंतु १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचा दावा फेटाळला आणि शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे म्हटले. दुसऱ्याच वर्षी डेट्रॉइट शहराच्या खटल्यात याच न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय मुलांच्या शाळा एकत्र आणण्यासाठी शहराची आणि आसपासच्या ५३ उपनगरी जिल्ह्यांची हद्द ओलांडण्यास नकार दिला. उपनगरात घर घेणाऱ्या कुटुंबांना या दोन निकालांमुळे हद्द टिकून राहील याची शाश्वती मिळाली, आणि त्या शाश्वतीचीही घराच्या किमतीत भर पडली.

न्यू जर्सीतील एडिसन किंवा कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो आणि फ्रीमाँट येथे मोठ्या संख्येने स्थिरावलेली भारतीय कुटुंबे, आणि त्यांतील मराठी कुटुंबे, याच व्यवस्थेत घर शोधतात. घरविक्रीच्या संकेतस्थळावर प्रत्येक घरापुढे शाळांना १ ते १० असे गुण दिलेले असतात आणि घराचा पहिला हप्ता ठरण्याआधी तो आकडा पाहिला जातो. ते गुण बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील यशावर, म्हणजे पुन्हा त्यांच्या घरच्या परिस्थितीवर आधारलेले असतात.

सोल: शाळा हलवल्या आणि शहर हलले

कुटुंबे शाळेच्या मागे जातात हे ओळखून एखाद्या सरकारने त्याचा हत्यार म्हणून वापर केल्याचे उदाहरण दक्षिण कोरियात सापडते. १९६० च्या दशकापर्यंत तेथे नामांकित माध्यमिक शाळांच्या प्रवेशपरीक्षेसाठी दहा-बारा वर्षांची मुले रात्ररात्र अभ्यास करत. हा ताण कमी करण्यासाठी १९६९ मध्ये सोलमधील कनिष्ठ माध्यमिक शाळांची प्रवेशपरीक्षा बंद करून सोडत सुरू झाली. हाताने फिरवायचे एक पिंप ठेवलेले असे. मुलाने दांडा फिरवला की शाळेचा क्रमांक असलेली गोटी बाहेर पडे आणि त्याची शाळा ठरे. १९७४ मध्ये सोल आणि बुसान या शहरांपासून उच्च माध्यमिक शाळांनाही हे समानीकरणाचे धोरण लागू झाले, म्हणजे सर्वसामान्य शाळांनी आपापली परीक्षा घेण्याऐवजी विभागातील मुले सोडतीने वाटून घ्यायची.

त्याच काळात सोलची लोकसंख्या झपाट्याने फुगत होती. १९६० मध्ये सुमारे २४ लाख असलेले शहर १९८० पर्यंत ८३ लाखांच्या पुढे गेले. हान नदीच्या उत्तरेकडील जुने शहर गच्च भरले होते आणि उत्तर कोरियाच्या सीमेपासून ते फार दूर नसल्याने सुरक्षेची चिंताही होती. नदीच्या दक्षिणेला, आज गंगनम म्हणून जगभर माहीत असलेल्या भागात, तेव्हा शेते आणि फळबागा होत्या. सरकारने पूल बांधले, महामार्ग काढला, भूखंड आखले. तरी मध्यमवर्ग जुनी वस्ती सोडायला तयार नव्हता, तेव्हा सरकारने शाळाच उचलून नदीपलीकडे नेल्या. १९०० मध्ये स्थापन झालेली आणि देशाच्या उच्चपदस्थांची शाळा मानली गेलेली क्योंगी शाळा माजी विद्यार्थ्यांचा विरोध डावलून १९७६ मध्ये गंगनमला हलवण्यात आली, आणि तिच्या जुन्या इमारतीत सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले. व्हीमून शाळा १९७८ मध्ये, सोल हायस्कूल १९८० मध्ये, अशा एकामागून एक प्रतिष्ठित शाळा नदी ओलांडत गेल्या. प्रवेशाची सोडत निवासाच्या विभागाशी घट्ट बांधली गेल्यावर या शाळा ज्यात येत तो आठवा शैक्षणिक विभाग सर्वांत हवासा झाला. तेथील देची भागात १९७९ मध्ये पूर्ण झालेल्या उन्मा या एकाच गृहसंकुलात ४,४२४ सदनिका आहेत. इमारती जुन्या झाल्या, पुनर्विकास अनेक दशके रखडला, तरी मुलांच्या शिक्षणासाठी तेथे राहू इच्छिणाऱ्या कुटुंबांमुळे त्यांची मागणी ओसरली नाही.

या उदाहरणातून मिळणारा धडा मात्र शाळा हलवण्यापुरता नाही. विभागाच्या आत सोडत असल्यामुळे आणि शिक्षकांचे वेतन व अभ्यासक्रम समान असल्यामुळे शाळाशाळांतील फरक पुष्कळ कमी झाला होता, तरी गंगनमचे भाव चढतच राहिले, कारण सधन कुटुंबे एकत्र आल्यावर खासगी शिकवणी वर्ग त्यांच्या मागोमाग आले. सरकारने १९८० मध्ये खासगी शिकवण्यांवर बंदी घातली, पण कालांतराने ती सैल होत गेली आणि २००० मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. देची भाग आज अशा वर्गांचे देशातील सर्वांत मोठे केंद्र समजला जातो. महाराष्ट्रात शाळेची हद्द असे काही नसतानाही लातूरच्या शिकवणी वर्गांच्या परिसरात अकरावी-बारावीच्या मुलासोबत आई खोली भाड्याने घेऊन राहते आणि वडील गावाकडे शेती किंवा नोकरी सांभाळतात, त्यामागची कारणे याच जातीची आहेत. शिक्षणाची स्पर्धा जेथे एकवटते तेथे घरभाडे चढते. शाळेची हद्द हे त्या एकवटण्याचे केवळ एक रूप आहे.

बीजिंग: मालकीच्या कागदाची किंमत

चीनच्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानुसार मुलांना परीक्षेशिवाय घराजवळच्या शाळेत प्रवेश देणे स्थानिक सरकारांवर बंधनकारक आहे. परंतु कायदा होण्याच्या फार आधीपासून काही शाळांना ‘प्रमुख शाळा’ म्हणून निवडक शिक्षक आणि जादा निधी दिला गेला होता. २००६ च्या सुधारित कायद्याने असे वर्गीकरण करण्यास मनाई केली, तरी कमावलेला लौकिक पुसला गेला नाही. नामांकित शाळेच्या क्षेत्रातील घरांना तेथे ‘शुएछ्यूफांग’, म्हणजे शाळाक्षेत्रातील घर, असे म्हणतात आणि बीजिंगच्या शीछंग जिल्ह्यात अशा जुनाट, लहान, बिनलिफ्टच्या सदनिकांचा भाव प्रति चौरस मीटर १ लाख युआनच्या वर गेला. पाण्याचे नळ गंजलेले आणि जिना अंधारा असलेली ही घरे विकत घेणारी कितीतरी कुटुंबे तेथे राहायला जातही नाहीत. त्यांना हवी असते ती घराच्या मालकीची नोंद आणि त्या पत्त्यावरील ‘हुकोऊ’, म्हणजे कुटुंबाची अधिकृत निवासनोंदणी.

प्रवेशासाठी भाडेकरू आणि मालक यांना सारखे लेखायचे की नाही, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. इंग्लंडमध्ये खऱ्याखुऱ्या भाडेकरूलाही शाळेत तेवढाच हक्क असल्यामुळे शाळेची किंमत भाड्यात आणि विक्रीत अशी दोन्हीकडे विभागली जाते आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला काही वर्षे भाडे सोसून का होईना, आत शिरण्याची वाट असते. चीनमधील बहुतेक मोठ्या शहरांत मालकाला पहिला क्रम आणि भाडेकरूला शेवटचा असल्यामुळे सगळे मूल्य मालकीच्या कागदात साठले आणि भाडे तुलनेने कमी असूनही विक्रीची किंमत अवाच्या सवा झाली. २०१७ मध्ये ग्वांगचौ शहराने भाडेकरूंच्या मुलांनाही जवळच्या शाळेत प्रवेशाचा हक्क देण्याचे धोरण जाहीर केले, ते हीच गाठ सोडवण्यासाठी. शीछंग जिल्ह्याने वेगळा मार्ग धरला: ३१ जुलै २०२० नंतर घेतलेल्या घराला एकच ठराविक शाळा न जोडता परिसरातील अनेक शाळांपैकी कोणतीही मिळू शकेल, असा नियम केला. पुढील वर्षी बीजिंगने शिक्षकांची आणि मुख्याध्यापकांची शाळाशाळांत फिरती बदली करण्याची योजनाही हाती घेतली.

हद्दीची राखण

पत्त्याला किंमत आली की खोटा पत्ता देण्याचा मोहही येतो, आणि मग प्रशासनाला हद्दीवर पहारा ठेवावा लागतो. हा पहारा कोणत्या थराला जाऊ शकतो हे इंग्लंडमधील पूल शहरात २००८ मध्ये उघड झाले. गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी पाळतीचे अधिकार देणाऱ्या कायद्याचा आधार घेऊन तेथील स्थानिक प्रशासनाने एका कुटुंबावर सुमारे तीन आठवडे गुपचूप नजर ठेवली होती. आई मुलांना घेऊन केव्हा बाहेर पडते, गाडी कोठे उभी असते, याच्या नोंदी केल्या होत्या. कुटुंब खरोखरच हद्दीत राहत होते. २०१० मध्ये संबंधित न्यायाधिकरणाने ही पाळत बेकायदा ठरवली आणि पुढे अशा पाळतीसाठी दंडाधिकाऱ्याची परवानगी आवश्यक करणारा कायदा झाला.

अमेरिकेच्या ओहायो राज्यात ॲक्रन शहरातील एका आईने आपल्या दोन मुलींना आजोबांच्या पत्त्यावर शेजारच्या चांगल्या जिल्ह्यातील शाळेत घातले होते. २०११ मध्ये तिला कागदपत्रांत खोटी माहिती दिल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले आणि नऊ दिवस तुरुंगात काढावे लागले. पुढे राज्यपालांनी गुन्ह्याची तीव्रता कमी केली. खोटे निवेदन करणे चूक आहे यात शंका नाही. पण सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या शाळेत मुलीला पाठवल्याबद्दल आईला तुरुंग पाहावा लागतो, तेव्हा दोन शाळांमध्ये इतके अंतर का पडू दिले, या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी व्यवस्थेवरही येते.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

अंतराऐवजी सोडत हा सर्वांत सरळ वाटणारा उपाय आहे. इंग्लंडमधील ब्रायटन अँड होव्ह या शहराने २००८ पासून माध्यमिक शाळांसाठी सहा प्रवेशक्षेत्रे ठरवून क्षेत्राच्या आत चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत आणली. तिच्या सुरुवातीच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना असे आढळले की शाळेला चिकटून घर घेण्याचा लाभ कमी झाला, परंतु सधन आणि निर्धन मुलांची विभागणी फारशी बदलली नाही, कारण लोकप्रिय शाळांची क्षेत्रे मुख्यतः सधन वस्त्यांभोवतीच आखलेली होती. सोडतीने हद्दीच्या आतील अन्याय कमी होतो. हद्द कोठे आहे हा प्रश्न तसाच राहतो.

जपानची वाट अधिक मूलगामी आहे. तेथेही सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरूनच ठरते, परंतु शिक्षकांची नेमणूक शाळा किंवा गाव करत नाही, प्रांताचे शिक्षण मंडळ करते, आणि काही वर्षांनी त्यांची बदली होत राहते. त्यात दुर्गम बेटे आणि डोंगराळ गावेही येतात. शिक्षकांच्या वेतनाचा एक तृतीयांश भार केंद्र सरकार उचलते आणि उरलेला प्रांत व मोठी शहरे उचलतात, त्यामुळे गरीब गावातील शाळेला शिक्षक परवडत नाही अशी पाळी येत नाही. तेथील पालकांच्या मनातही वस्तीवस्तीत फरक असतोच, पण शेजारच्या सरकारी शाळेत शिक्षकच धड नाहीत, या भीतीने घर बदलण्याची वेळ येत नाही.

महाराष्ट्र: एक किलोमीटरची रेषा

भारतात कोठारी आयोगाने १९६६ मध्ये परिसरशाळेची, म्हणजे वस्तीतील सर्व थरांतील मुलांनी एकाच जवळच्या शाळेत शिकण्याची, शिफारस केली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. ज्यांना फी परवडली ते हळूहळू खासगी शाळांकडे वळले आणि महापालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रामुख्याने गरिबांची मुले उरली. त्यामुळे पुण्यात किंवा ठाण्यात घर घेताना ‘नामांकित शाळा पाच मिनिटांवर’ ही जाहिरात मोह घालते खरी, पण शिक्षणाची किंमत तेथे मुख्यतः फीच्या पावतीतूनच वसूल होते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असण्याची अपेक्षा ठेवली. याच कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांच्या प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या, आणि येथे पत्ता प्रथमच निर्णायक झाला. महाराष्ट्रात हे प्रवेश ऑनलाइन अर्ज आणि सोडतीने होतात. पालकाला नकाशावर आपल्या घराची खूण स्वतः करावी लागते आणि शाळेपासूनच्या अंतरावर अग्रक्रम अवलंबून असतो. खूण चार गल्ल्या चुकली तरी कागदपत्रांच्या पडताळणीत मिळालेला प्रवेश हातचा जाऊ शकतो. निवासाचा पुरावा म्हणून भाडेकरूकडे नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. झोपडपट्टीत किंवा चाळीत तोंडी व्यवहारावर खोली घेतलेल्या कुटुंबाला असा करार घरमालक करून देईलच असे नसते. म्हणजे ज्याच्यासाठी जागा राखली त्यालाच पत्ता सिद्ध करणे सर्वांत अवघड जाते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या २५ टक्के जागांच्या बंधनातून सूट दिली. दाट शहरांत जवळपास प्रत्येक खासगी शाळेच्या आसपास एखादी महापालिकेची किंवा अनुदानित शाळा असतेच, त्यामुळे मुलाला शाळेजवळ आणण्यासाठी आखलेले वर्तुळ त्यालाच बाहेर ठेवण्याच्या कामी आले असते. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि जुलै २०२४ मध्ये तो मूळ कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हस्तक्षेप केला नाही.

हद्द काय सांगते

या सर्व उदाहरणांतून एक निष्कर्ष स्पष्टपणे निघतो. पत्त्यावर प्रवेश देणे हा दोष नव्हे आणि मुलासाठी घर बदलणारे पालकही दोषी नव्हेत. आपल्या आवाक्यातील सर्वांत चांगली शाळा शोधणे हे प्रत्येक आईबापाचे कर्तव्यच आहे. दोष तेव्हा निर्माण होतो जेव्हा सरकार एका हद्दीच्या दोन बाजूंना असमान शाळा चालवते आणि मुलाने कोणत्या बाजूला वाढायचे हे ठरवण्याचे काम घरांच्या बाजारावर सोपवते. हद्दी हलवून, सोडती काढून, कागदपत्रे तपासून या असमानतेची वाटणी बदलता येते, पण ती नाहीशी करता येत नाही. ती नाहीशी करण्यासाठी अनुभवी शिक्षक, भरलेली पदे, प्रयोगशाळा आणि निधी त्या बाजूला न्यावा लागतो जेथून कुटुंबे निघून जात आहेत. शाळेच्या हद्दीच्या दोन बाजूंना घरांच्या भावात पडणारे अंतर हा पालकांनी स्वतःच्या पैशाने नोंदवलेला अभिप्राय आहे, आणि कोणत्या शाळेकडे आधी लक्ष द्यायचे हे ठरवणाऱ्या शिक्षण खात्याला याहून प्रामाणिक अहवाल मिळणे कठीण आहे.